डोळ्याचं सोवळं

लेन्स घालण्याआधी मी हात धुते तेव्हा आमच्या घरातली मंडळी अजून हसतात. साबण बोटांच्या बेचक्यांत जाईपर्यंत चोळायचा, भरपूर पाण्याने धुवायचा आणि मग खुंटीवरच्या त्या एका पातळ पंच्याला हात कोरडे करायचे. त्या पंच्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला मला खपत नाही. "आई पूजेला बसतेय का?" असं माझी मुलगी विचारते. मी हात कोरडे करत राहते. सांगायचं तर चेन्नईच्या अण्णा नगरातल्या एका स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागेल आणि सकाळी तेवढा वेळ कोणालाच नसतो. पण आता मुलीलाही लेन्स हव्या झाल्या आहेत, तेव्हा एकदा सगळं सांगून टाकलेलं बरं.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. सांगलीहून इंजिनियर होऊन मी चेन्नईला गेले आणि गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे छोटे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. काम सगळं डोळ्यांचं. यंत्रावरून उतरलेला भाग भिंगाखाली धरायचा, कडेला धातूचा काटा राहिलाय का, अंगावर बारीकसा ओरखडा आहे का ते बघायचं आणि नापास असेल तो बाजूला काढायचा. चूक माझ्या नजरेतून सुटायची नाही आणि चूक करणारा माझ्या तोंडातून सुटायचा नाही. स्वभाव तेव्हाही असाच होता.

पण हे डोळे मुळातच अधू. चौथीपासून चष्मा, आणि काचा अशा जाड की शाळेत मला 'सोडावॉटर' म्हणायचे. चेन्नईच्या घामात तो चष्मा नाकावर टिकेना. भिंगाला डोळा लावावा तर काच काचेवर आपटायची, आणि थंड खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की सगळं जग धुक्यात. म्हणून नोकरीतली पहिली चैन म्हणून मी कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. दुकानातल्या माणसाने सूचना घडाघडा म्हणून दाखवल्या. मी आरशात स्वतःचा चष्म्याविना चेहरा बघण्यात दंग होते. दर वाक्याला मान डोलावली आणि एकही वाक्य आत गेलं नाही.

राहायला अण्णा नगरात एका मामींकडे होते. मामी म्हणजे घरमालकीण. तिकडे तशा वयाच्या बाईला मामीच म्हणतात. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, एकट्या, शाळेत तमिळ शिकवून निवृत्त झालेल्या. घरात मात्र मराठी, तीही कैक पिढ्यांपूर्वी कावेरीकाठी गेलेली. मला पहिल्या दिवशी त्यातलं निम्मं कळलं नव्हतं.

"ये, बैस. उगे उभी कसाला राहिलीस?" त्या म्हणाल्या होत्या. उगे म्हणजे उगीच, कसाला म्हणजे कशाला, आणि सगळ्याला त्या 'अस्की' म्हणायच्या. या शब्दांशी माझी ओळख व्हायला आठवडा गेला. त्यांनाही माझी मराठी पसंत नव्हती. "तू बोलतेस की भांडतेस, तेच मज कळत नाही," हे त्यांचं मत. दोन्ही करते, असं मी सांगितल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या.

भांडणाला विषय तयारच होता. मामींच्या स्वयंपाकघरात 'पत्तु' नावाचा कायदा होता. आपल्याकडे खरकटं असतं ना, त्याच्या दोन पायऱ्या वरचा. शिजल्या भाताच्या पातेल्याला हात लागला की तो हात दह्याला, तुपाला, मिठाला लावायचा नाही. आधी पाणी लावून धुवायचा. कालच्या दह्यात आजचं दही मिसळायचं नाही. भांडं घासलं की पालथंच पडलं पाहिजे आणि आतून खडखडीत वाळलं पाहिजे. मला या सोवळ्याओवळ्याचा लहानपणापासून राग. त्यात माणसांनाही शिवायचं नाही असं कोणी आणलं तर माझं डोकं फिरतं, आजही फिरतं. मामींनी माणसांवर तो कायदा कधी लावला नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण माझ्या हातांवर त्यांची करडी नजर असायची. मी भात वाढून घेतलेल्या हाताने दह्याचं भांडं ओढलं की, "पत्तु! पत्तु!" असा गजर व्हायचा, आणि मी मुद्दाम सावकाश हात धुवायची.

माझ्या लेन्सचा कारभार मात्र न्हाणीघरात, बेसिनच्या कडेवर चालायचा. डबीतलं सोल्यूशन रात्रीचं तसंच ठेवून वर थोडं ताजं ओतायचं, उगीच कसाला वाया घालवा! डबी नळाखाली खळखळून धुवायची आणि ओलीच मिटवायची. एखादी लेन्स खाली पडली तर तीही नळाखाली. पाण्याने धुतलं म्हणजे स्वच्छ झालं, यात शंका घेण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. कंपनीच्या बसमधून परतताना लेन्स डोळ्यांत ठेवूनच मी गाढ झोपायची. एकदा मामींनी मला लेन्स घालताना पाहिलं आणि त्या किंचाळल्याच. मग म्हणाल्या, "बोट धुतलीस की?"

"धुतलं."

"पुसलीस कोठे?"

मी जीन्सकडे बघितलं. "मामी, हा काही तुमचा दहीभात नाही," असं म्हणून मी विषय संपवला.

त्या उन्हाळ्यात शहरात पाण्याचे हाल होते. लॉरी यायची, तिच्याभोवती गल्लीतल्या सगळ्या रंगीत घागरी गोळा व्हायच्या, आणि जे पाणी मिळेल ते टाकीत चढायचं. प्यायला वेगळा कॅन होता. नळाला येणारं पाणी कधी खारं, कधी गढूळ, कधी त्याला नुसताच वास. आम्ही त्याने आंघोळी केल्या, भांडी घासली, आणि मी माझी डबीही धुतली.

एके सकाळी उजवा डोळा चिकटलेला होता. आरशात बघितलं तर लालभडक. उजेड सहन होईना आणि आत खडा गेल्यासारखं टोचत होतं. कारखान्यात त्या दिवशी गाड्यांच्या एका मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला यायची होती. महिनाभर आम्ही त्याचीच तयारी करत होतो आणि त्यांना सगळं दाखवायचं काम माझ्याकडे होतं. मी डोळ्यावर पाणी मारलं, दात ओठ खाऊन लेन्स चढवली आणि निघाले. मामी फाटकात रांगोळी घालत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि उठून फाटकाची कडी लावली.

"काढ ते डोळ्यातलं."

"मामी, मला उशीर होतोय."

"शिळं खरकटं डोळ्यात घालून कोठे निघालीस? काढ म्हटलं ना."

मी बरंच काही बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामी कडीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. शाळेत चाळीस पोरांचा वर्ग सांभाळलेली बाई ती, माझ्या एकटीच्या आरडाओरड्याने काय हलणार? शेवटी मी आत जाऊन लेन्स काढली आणि चष्मा लावला. तोवर मामी छोटी बाटली घेऊन हजर. एरंडेल. एक थेंब घातला की डोळा थंड होतो, त्यांच्या आजीपासूनचं औषध. आता कडी लावायची पाळी माझी होती. "हे थेंबभरसुद्धा डोळ्यात जाणार नाही," मी म्हटलं. त्यांनी माझी लेन्स चालू दिली नाही आणि मी त्यांचं एरंडेल चालू दिलं नाही. दोघींचं अडल्यामुळेच डॉक्टरकडे जायचं ठरलं. जाताना मी लेन्सची डबी कचऱ्यात टाकायला निघाले होते, ती मामींनी हातातून घेतली आणि पिशवीत बांधली. "वैद्याला दाखवायला नको?" त्या म्हणाल्या.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात पिवळा रंग सोडला, निळा दिवा लावला आणि यंत्रातून बराच वेळ बघितलं. मी दिवसभर धातूवरचे ओरखडे शोधणारी. त्या दिवशी भिंगाखाली मी होते आणि ओरखडा माझ्या बुबुळावर होता. नुसता ओरखडा नव्हता, तिथे जंतूंनी जखम धरली होती. डबी आणलीत हे फार चांगलं केलंत, असं त्या मामींना म्हणाल्या, आणि ती तपासायला पाठवली. भिंतीवरच्या तक्त्यावर डाव्या डोळ्याने मी चष्म्यातून खालपर्यंत इंग्रजी अक्षरं वाचली. उजव्याने फक्त वरचं, सगळ्यात मोठं, तेही अंदाजाने.

"नजर परत येईल ना?" मी विचारलं.

"वेळेत आलात. आणखी दोन दिवस लेन्स घालत राहिला असतात तर मी काहीच बोलू शकले नसते. आता औषध लागू पडतंय का बघू. किती परत येईल ते आज सांगणार नाही."

माझं पोट या डोळ्यांवर होतं. एका डोळ्याने भिंग बघणारीला तपासणी विभागात कोण ठेवणार? आणि नोकरीचं राहू द्या, मला ते जगच नको होतं ज्याच्या उजव्या बाजूला कायमचं धुकं असेल. हे मी तेव्हा कोणाला बोलले नाही. मामींनी माझा हात धरला होता, तो मात्र सोडवून घेतला नाही.

डॉक्टरीणबाई मला इंग्रजीत सांगत होत्या आणि मामींना तमिळमध्ये, आणि मामी तेच पुन्हा माझ्यासाठी मराठीत आणत होत्या. मी इंजिनियर, इंग्रजी मला कळत होतं. पण खरं सांगते, इंग्रजीतलं दुकानदाराच्या सूचनांसारखं वाहून गेलं असतं, मामींचं आत बसलं.

"ऐक. नळाचं, कॅनचं, उकळलेलं, कसलं पण पाणी डोळ्यातल्या त्या काचेला लागलं, की पत्तु. डबीला लागलं तरी पत्तु. समजलीस की?"

"गंगेचं?" मी विचारलं. जीभ शांत बसेना.

मामींनी गंभीरपणे तो प्रश्न तमिळमध्ये पुढे पाठवला. डॉक्टरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, गंगेचंही नाही. मामी क्षणभर घुटमळल्या, मग म्हणाल्या, "गंगेचं पण पत्तु." त्यांच्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असणार.

मग बाकीचं आलं. डबीतलं औषध रोज अस्की ओतून टाकायचं, कालच्यात आजचं मिसळलं की ते शिळंच. डबी त्याच औषधाने खळबळायची, पालथी घालून वाळवायची, आणि जुनी झाली की टाकून द्यायची, तीन महिन्यांवर तर ठेवायचीच नाही. झोपताना काढायची, डुलकी घ्यायची असली तरी काढायची. न्हाताना डोळ्यात नको, समुद्रावर नको. लेन्सची मुदत संपली की चांगली दिसतेय म्हणून वापरायची नाही. आणि डोळा लाल झाला, दुखला, धूसर झाला, तर आधी काढायची, मग इकडे यायचं. "एरंडेल पण नको," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. हे वाक्य मामींनी माझ्यापर्यंत आणलंच नाही. ते मला इंग्रजीतून कळलं होतं आणि मी ते घरी जाऊन त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं.

पुढचे दोन आठवडे लेन्स बंद, कारखाना बंद, आणि तासातासाला थेंब. थेंब मामी घालायच्या. आधी हात धुवायच्या, असे की मला शरम वाटावी. मग माझ्या उशाशी बसून म्हणायच्या, "कण्णु, उघड." तमिळमध्ये कण् म्हणजे डोळा एवढं मला तोवर माहीत झालं होतं. मी डोळा उघडायची. "कण्णु, वर बघ." मी डोळा वर करायची. थेंब पडायचा, आग व्हायची, मी ओरडायची, आणि मामी पदराने नाही, प्रत्येक वेळी नव्या कापसाने गालावरचा ओघळ टिपायच्या.

आईला मी फोनवर फक्त "डोळे आलेत" एवढंच सांगितलं. मामी शेजारीच होत्या. "आले?" त्या फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "ते येतात कोठून?" आपल्याकडे असंच म्हणतात, मी सांगितलं. "तुमच्याकडे अस्की उलटंच," म्हणून त्या उठल्या, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्या दुपारी देवघरात त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या. मी पलंगावर पडून डावा डोळा झाकायची आणि समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे उजव्याने वाचायचा प्रयत्न करायची. काही दिवस आकडे होते की नव्हते तेही कळत नव्हतं. मग हळूहळू ते आहेत एवढं कळायला लागलं. ही सुधारणा आहे की मला हवं म्हणून दिसतंय, याचा निर्णय लागेना. भीतीने मी चिडचिडी झाले, मामींवर खेकसायची. त्या पुढच्या तासाला पुन्हा हात धुऊन हजर. "कण्णु, उघड."

मध्ये दोन वेळा डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली आणि ती भरते आहे म्हणाल्या. नजरेचं मात्र शेवटी बघू, असंच. तो शेवटचा दिवस उजाडला. मामी नवी साडी नेसल्या होत्या, जणू निकाल त्यांचाच होता.

तपासायच्या खोलीत त्या दिवशी डॉक्टरीणबाईंचे एक सहायक होते, केस पिकलेले, बोलके. मामींनी त्यांना माझी सगळी कहाणी तमिळमध्ये सांगितली. मी त्यातलं एकच ओळखलं: त्या मला 'नम्म पोण्णु' म्हणत होत्या, आमची मुलगी. सहायकांनी मान डोलावली, माझ्या डाव्या डोळ्यावर झाकण लावलं आणि भिंतीवरच्या तक्त्यामागचा दिवा चालू केला. मामी माझ्या मागे, दाराशी, बाकावर बसल्या.

"तेरियुदा?" सहायकांनी खालची ओळ काठीने दाखवून विचारलं.

आता माझ्या तमिळची गोष्ट सांगायला हवी. मला नीट येणारा एकच शब्द होता, 'तेरियादु'. माहीत नाही. बसमध्ये, बाजारात, रिक्षावाल्यासमोर, कोणी तमिळमध्ये काही विचारलं की मी 'तमिळ तेरियादु' म्हणायची आणि माझी सुटका व्हायची. तक्त्याकडे बघितलं तर सगळी तमिळ अक्षरं. माझ्या तोंडून सवयीने आलं, "तेरियादु."

काठी वरच्या ओळीवर गेली. "तेरियादु," मी म्हटलं. आणखी वर. तेरियादु. सहायकांचा आवाज बदलला. त्यांनी सगळ्यात वरच्या, हाताच्या पंजाएवढ्या अक्षरावर काठी टेकवली आणि 'हे तरी?' अशा सुरात हळूच विचारलं, "इदु?"

"तेरियादु!" मी वैतागून म्हणाले. हा माणूस तक्ता का बदलत नाही, याचंच मला नवल वाटत होतं.

मागे बाक करकरला. "अय्यो, माझं कण्णु!" मामींचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. वळून बघते तर फाटकाला कडी लावून उभी राहिलेली ती बाई तोंडात पदर कोंबून थरथरत होती. "माझं कण्णु, माझं कण्णु" एवढंच चाललं होतं.

मला आधी काहीच समजेना, आणि समजलं नाही की मला राग येतो. "मामी, डोळा माझा आहे आणि तो ठीक आहे!" मी ओरडले.

"काय ठीक? तेरियादु म्हणतेस ना!"

"मग? मला तमिळ येत नाही!"

सहायकच आधी हसले, आणि त्यांनी मोडक्या इंग्रजीत मला समजावलं. तमिळमध्ये 'माहीत नाही' आणि 'दिसत नाही' दोन्ही तेरियादुच. मामींनी मला 'आमची मुलगी' म्हटलं, म्हणून त्यांनी आमचा, म्हणजे तमिळ तक्ता लावला. आणि मी 'आमची मुलगी' असूनही तो वाचू शकत नव्हते.

"दिसतं, मामी," मी म्हटलं. "अस्की दिसतं." त्यांचा शब्द मी तोपर्यंत त्यांना चिडवण्यापुरताच वापरला होता.

मामींचा विश्वास बसेना. त्या उठून माझ्या शेजारी आल्या. "खालची ओळ. कशी दिसते ते सांग."

मी उजव्या डोळ्याने बघत हवेत बोट फिरवत गेले. "पहिलं झाकण नसलेल्या खोक्यासारखं."

"प," मामी म्हणाल्या.

"पुढचं नुसता कोपरा. उभी रेघ आणि खाली आडवी."

"ट."

"मग एक खोकं, त्याची उजवी बाजू आत मुरडलेली."

"म," मामी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. तक्त्यावरची ती ओळ आम्ही दोघींनी मिळून संपवली. मी बघत होते आणि त्या वाचत होत्या. एकाही अक्षराला माझा आकार चुकला नाही. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिथेच मला पोटाशी धरलं. सहायकांनी तक्ता बदलून इंग्रजी लावला आणि नियमाप्रमाणे सगळं पुन्हा केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडेला बारीक व्रण राहील, नजरेच्या वाटेत नाही. मी त्यांचे आभार मानले. मामींचे मानायचं तेव्हा सुचलं नाही. आता मानते आहे, तसे तर रोजच मानते.

घरी आल्यावर मामींनी मीठमिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी गुमान उभी राहिले.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर काही आठवड्यांनी मी नव्या लेन्स, नवी डबी घेतली आणि कामावर रुजू झाले. मामींनी न्हाणीघरातला माझा संसार हलवला. त्यांच्या कोरड्या कपाटातला एक कप्पा रिकामा केला, त्यात धुतलेला पांढरा पंचा, त्यावर पालथी डबी, शेजारी माझा जुना सोडावॉटर चष्मा, कधी लेन्स काढायला लागली तर हाताशी असावा म्हणून. त्या कप्प्याला त्या स्वतःही हात धुतल्याशिवाय हात लावायच्या नाहीत. कारखान्यात मी भाग तपासायची आणि घरी मामी मला तपासायच्या. एकदाही नापास केलं नाही, पण सोडलंही नाही. मी भाताचा हात दह्याला लावायचं बंद केलं, ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

पुढे कधीतरी सुट्टीच्या सकाळी मी जिन्यात उभी होते. खालच्या घरातली बाई आपल्या रांगत्या पोराला हात पसरून बोलवत होती, "कण्णु, वा! वा, कण्णु!" वा म्हणजे ये. पोराचे डोळे छान टपोरे, काही झालेलं नव्हतं त्यांना. मी तशीच स्वयंपाकघरात गेले.

"मामी, खालच्या पोराला ती डोळा का म्हणते?"

मामी दही घुसळत होत्या. त्या थांबल्या नाहीत. "लाडक्याला तसंच म्हणतात."

मी त्या दोन आठवड्यांतला एकेक थेंब आठवत उभी राहिले. कण्णु, उघड. कण्णु, वर बघ. मग ते दवाखान्यातलं, आणि त्यावर मी डोळा माझा आहे म्हणून ओरडले होते तेही. "मला नाव आहे, मामी," मी कसंबसं म्हणाले. "नावाने का नाही हाक मारलीत?"

"नावानं तुज अस्की बोलावतात," मामी म्हणाल्या, आणि मला लोण्याचा गोळा द्यायला हात पुढे केला. मग तो मागे घेतला. "आधी हात धू."

गेल्या आठवड्यात मुलीच्या लेन्स आल्या. हसणं कुठल्या कुठे गेलं, आरशासमोर घाबरून बसली. मी तिचे हात धुवून घेतले, माझ्या पंच्याला पुसू दिले, तिच्या बोटावर लेन्स ठेवली आणि तिची हनुवटी धरली.

"कण्णु, उघड," मी म्हटलं.

"कण्णु म्हणजे डोळा ना?" तिने विचारलं.

"डोळासुद्धा," मी म्हटलं.